क्वांटम कॉम्प्युटर आल्यावर डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचं, काय होईल? त्याऐवजी क्वांटम सही घेता येईल का?

तुम्ही इंदूरला सीएच्या ऑफिसात काम करता, रोज डोंगल (सहीची गुप्त किल्ली असलेलं यूएसबी टोकन) लावून अशिलांचे रिटर्न भरता आणि कुणीतरी तुम्हाला 'क्वांटम सही' सुचवली आहे. मी इथेच कॉलेजात संगणकशास्त्र शिकवतो. थोडक्यात सांगायचं तर डोंगलमधली आजची पद्धत पुढेमागे बदलावी लागेल, पण तिची जागा क्वांटम सही घेणार नाही.

आजच्या डीएससीमागे बहुधा आरएसए नावाची गणिती पद्धत असते. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार फोडणं अवघड, यावर तिची सगळी भिस्त. पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर हा गुणाकार झटपट फोडू शकेल, हे गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं. तेवढं मोठं यंत्र अजून कुणी बांधलेलं नाही.

आता क्वांटम क्रिप्टोग्राफी, म्हणजे क्वांटम भौतिकीच्या आधारे गुप्तता राखणं. बेनेट आणि ब्रासार यांच्या १९८४ च्या पद्धतीत फोटॉनवरून, म्हणजे प्रकाशकणांवरून, दोघांमधली गुप्त किल्ली ठरते आणि मध्ये कुणी चोरून मोजमाप केलं तर चुका वाढून ते उघडं पडतं. पण पलीकडे खरंच तुमचाच माणूस आहे, हे फोटॉन सांगत नाही. मध्येच तिसरा बसला आणि दोघांशी वेगवेगळी किल्ली जुळवली, तर दोघांनाही सगळं ठीकच दिसेल. म्हणून दोघांत आधीपासून एक छोटी गुप्त किल्ली असावी लागते किंवा ओळख पटवायला साधी डिजिटल सही वापरावी लागते. जाहिरातींत हा मुद्दा गाळतात, याचा मला मनापासून राग येतो. ओळख आधी हवी, क्वांटम त्यानंतर.

खरी क्वांटम सहीसुद्धा आहे. गॉट्समन आणि चुआंग यांनी ती २००१ मध्ये मांडली. सही करणारा आपल्या गुप्त आकड्यांवरून क्वांटम अवस्था तयार करतो आणि पडताळणाऱ्या प्रत्येकाला आधीच पोचवतो. त्या अवस्थेवरून आकडे पूर्ण काढता येत नाहीत. सही करताना तो आकडे उघड करतो आणि समोरचा ते ताडून पाहतो. कल्पना फार सुंदर आहे. पण अवस्था तोवर जपून ठेवायची कशात? पुढे अवस्था लगेच मोजून फक्त नोंदी ठेवायच्या, अशा पद्धती निघाल्या आणि ती अडचण टळली. मूळ अडचण मात्र तशीच आहे: पडताळणारे कोण, हे आधी ठरलेलं हवं, आणि प्रती फार वाटल्या तर गुपितच फुटतं. आपल्याकडे मध्य प्रदेशच्या संपदा या नोंदणी पोर्टलवर झालेली रजिस्ट्री दहा वर्षांनी कुठली बँक किंवा कोणतं कोर्ट तपासेल, ते आज कोण सांगणार? कुणालाही, केव्हाही पडताळता यावी, यासाठीच तर डिजिटल सही असते.

म्हणून उपाय गणितातच आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमपुढे टिकतील अशा सह्यांची दोन मानकं जाहीर केली, एमएल-डीएसए आणि एसएलएच-डीएसए. दोन्ही साध्या कॉम्प्युटरवर चालतात. फक्त आकार वाढतो: २०४८ बिटांच्या आरएसएची सही २५६ बाइटची, तर एमएल-डीएसएची सर्वांत लहान सहीसुद्धा २४२० बाइटची. एसएलएच-डीएसए त्याहून जड, ७८५६ बाइटपासून पुढे. तरी माझा कल तिच्याकडे आहे, कारण ती फक्त हॅशच्या, म्हणजे मजकुराचा उलटा न काढता येणारा छोटा ठसा बनवणाऱ्या पद्धतीच्या, मजबुतीवर उभी आहे.

डीएससीची मुदत दोन-तीन वर्षांची, त्यामुळे हा बदल नूतनीकरणाच्या वेळी आपोआप येऊ शकतो. आत्ता कुणी 'क्वांटम' म्हणून टोकन विकत असेल, तर त्यात नेमका कोणता अल्गोरिदम आहे आणि देणारी संस्था परवानाधारक आहे का, हे दोन प्रश्न विचारा.

रिटर्नची काळजी मी कमी करेन. खरेदीखतं, भागीदारीचे करार असे कागद, जे वीस-तीस वर्षांनीही उघडले जातील, ते वेगळे. आरएसए फुटल्यावर कुणीही जुनी तारीख घालून खोटी सही बनवू शकेल. म्हणून अशा कागदांवर विश्वासार्ह कालमुद्रा (कागद कधी अस्तित्वात होता याचा डिजिटल शिक्का, टाइमस्टॅम्प) घेऊन ठेवा आणि नव्या सह्या इथे मान्य झाल्या की आरएसए फुटायच्या आतच त्यांच्यावर नव्याने सही करून घ्या. अशिलांच्या कागदांची तशी वेगळी यादी आजच करायला हरकत नाही.