वाचकांचे प्रश्न : मुलांना पैशाचं, धंद्याचं शिकवायचं कुणी आणि कसं?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बँकेतून रिटायर झालोय, सुदामा नगरला राहतो. जवळच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी विचारलंय की सातवीच्या मुलांना आठवड्यातून एक तास धंदा, बाजार, पैसा याबद्दल शिकवाल का. मी मागणी-पुरवठा, महागाई, जीडीपी असा क्रम लावून ठेवलाय. मुलं कंटाळणार तर नाहीत ना?

उत्तर : काका, आधी बाईंना फोन करून हो म्हणून टाका, तुमच्यासारखी माणसं शाळेला मिळत नाहीत. पण तो क्रम मात्र बाजूला ठेवा, कारण जीडीपी पुस्तकात आहेच आणि ते शिकवायला शिक्षक आहेत. समोरच्याला कर्ज द्यायचं की नाही हे ठरवताना बँकेतला माणूस काय काय बघतो ते पुस्तकात नाही, ते तुमच्यापाशी आहे, म्हणून तर बाहेरच्या माणसाला वर्गात बोलवायचं.

पहिल्या तासाला पोह्यांचा ठेला लावा, फळ्यावरच. इंदूरचं एकही पोर असं नसेल ज्याला पोहे-जिलेबी माहीत नाही. चाळीस प्लेटचा खर्च मुलांनाच सांगू द्या, त्यांना पोहे, तेल, कांदा, शेव, वरून भुरभुरायचा जिरावण मसाला भराभर आठवतं आणि मग हात खाली जातात. तुम्ही बोलू नका, थांबा. थोड्या वेळानं मागून कुणीतरी म्हणेल "गॅस?" आणि मग एकदम दोने (द्रोण) आठवतील, पाणी आठवेल. समजा सगळे मिळून ४७० रुपये झाले, २० रुपये प्लेटनं ८०० आले, की वर्ग ओरडतो ३३० फायदा! आता सांगा की अकरा वाजता पाऊस आला आणि दहा प्लेट तशाच राहिल्या. ६०० आले, म्हणजे उरले १३०. आणि पहाटे पाचला उठून कांदा चिरणाऱ्या दोन माणसांची मजुरी अजून कुणीच धरलेली नाही. मी हे एका वर्गात पाहिलंय, एक मुलगी वहीत "मजुरी" लिहून पेन तसंच धरून बसली, कितीतरी वेळ, आणि मग तिनं विचारलं की मग आई घरी करते त्याचे किती. अर्थशास्त्रातले मोठे मोठे लोक याच प्रश्नाशी झटतात हो, तिला तसं सांगा, टाळू नका.

दुसऱ्या तासाला व्याज, आणि त्यासाठी आपल्या इंदूरसारखं गाव नाही. खंडव्याहून इंदूरला रेल्वे आणायची म्हणून महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्ज दिलं होतं, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीचं. मुलांना विचारा वर्षाचं व्याज किती, साडेचार लाख. मुद्दलाइतकं व्याज जमा व्हायला किती वर्षं? बावीसच्या थोडं वर. मग विचारा की महाराजांनी पैसे तिजोरीत का नाही ठेवले, रेल्वे आल्यावर इथल्या कापसाचं, अफूच्या व्यापाराचं काय झालं असेल. आणि लगेच आजच्या काळात या, फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या नगर निगमनं ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढून लोकांकडून २४४ कोटी उभे केले, ८.२५ टक्के व्याजानं, कशासाठी तर नर्मदेकाठच्या जलूदला ६० मेगावॅटचा सोलर प्लांट लावायला, कारण नर्मदेचं पाणी इतक्या लांबून वर चढवून आणायचं म्हणजे विजेचं बिल प्रचंड येतं. तेव्हा इथल्या महाराजांनी सरकारला कर्ज दिलं आणि आता शहरानं लोकांकडून घेतलं. सकाळी घरात नळाला येणाऱ्या पाण्यामागे कुणाचा तरी बाँड आहे हे ऐकल्यावर मुलं जी बघत राहतात ना, ते तुम्ही बघाच.

बाहेरच्या माणसानं वर्गात येऊन हे शिकवायची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत ज्युनिअर अचीव्हमेंट ही संस्था १९१९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्डला सुरू झाली, आधी शाळा सुटल्यावरच्या क्लबांत मुलं वस्तू बनवून विकायची, १९७५ पासून गावातले नोकरी-धंदेवाले थेट वर्गात जाऊ लागले. त्यांची विद्यार्थ्यांची कंपनी मला फार आवडते, ओळखीच्यांना शेअर विकून भांडवल जमवायचं, माल बनवायचा, विकायचा आणि शेवटी कंपनी बंद करून प्रत्येकाचा हिशोब चुकता करायचा. हा शेवटचा भाग आपल्याकडच्या बाल मेळ्यांत राहूनच जातो, गल्ला मोजला, टाळ्या वाजल्या, घरी गेले. तुम्ही शेवटचा तास त्यालाच द्या. कुणाचे पैसे कमी आले तर का कमी आले हे मुलांनी त्याला समोर बसून सांगायचं.

आणि एक कळकळीनं सांगते, बाबा काय कमावतात हे वर्गात कुणालाही विचारू नका. त्याच वर्गात हम्मालाचा मुलगा असतो आणि कपड्याच्या थोक व्यापाऱ्याचाही.

प्रश्न : माझं सियागंजला किराण्याचं दुकान आहे, शिक्षण बारावी. मुलांना शिकवायची खूप इच्छा आहे पण मला कोण बोलावणार?

उत्तर : दादा, तुम्हालाच बोलवायला पाहिजे. उधारी कुणाला द्यायची, किती द्यायची, वसुलीला जाताना संबंध न तोडता कसं बोलायचं, साखरेचा भाव चढतोय असं दिसलं तर माल भरून ठेवायचा की नाही, हे एमबीए झालेल्या माणसाला वर्गात सांगता येणार नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी शिक्षण मंत्रालयाचं विद्यांजली पोर्टल आहे (सध्याचं सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालं), तिथे शाळा आपली गरज टाकतात आणि आपण नाव नोंदवून अर्ज करायचा, निवड शाळा करते. नाहीतर सरळ जवळच्या शाळेत जाऊन भेटा. जाताना उधारीची जुनी वही न्या, गिऱ्हाइकांची नावं झाकून. दहा मिनिटं ती वही हातात घेऊन बोला, भाषणाची तयारी करू नका.

प्रश्न : माझ्या मुलाच्या आठवीच्या वर्गात "बचत शिकवायला" म्हणून एक गृहस्थ आले आणि शेवटी सगळ्यांच्या आईबाबांचे मोबाइल नंबर लिहून घेतले. आता रोज पॉलिसीचे फोन येतात. मुलांना इतक्या लवकर पैशात ओढावं का?

उत्तर : मन दुखलं वाचून. वहिनी, ते शिकवणं नव्हतंच, गिऱ्हाईक शोधणं होतं. प्रिन्सिपलना लेखी कळवा, आणि पालक सभेत नियमच करून घ्या की येणाऱ्यानं कुठल्या कंपनीचं नाव घ्यायचं नाही, कागद वाटायचा नाही, नंबर मागायचा नाही आणि वर्गशिक्षक पूर्ण तास वर्गात बसणार. यावर ज्याला राग येईल त्याला येऊ द्या, तो आपल्या कामाचा नाही.

पण त्या माणसामुळे विषय बंद करू नका. तेरा वर्षांचं पोर मोबाइलवर गेमचे कॉइन विकत घेतं, त्याला आज कळलं नाही तर कधी कळणार? दहा वर्षांवरच्या मुलाला बचत खातं स्वतः उघडून चालवायची मुभा रिझर्व्ह बँकेनं दिलेली आहे, रकमेची मर्यादा वगैरे बँक ठरवते. त्याला घेऊन जा, स्लिप त्याला भरू द्या, चुकली तर दुसरी घेऊ द्या, काउंटरवर त्यालाच बोलू द्या. तुम्ही जरा मागे बाकावर बसा.