पुढच्या पालिका निवडणुकीची सुरुवात मतदार यादीपासून करा

तुम्ही लिहिले आहे की १५ जानेवारी २०२६ च्या ठाणे महापालिका निवडणुकीत कळव्यातून तुमच्या पुरोगामी गटाने उभी केलेली अपक्ष उमेदवार हरली, आता सहा-सात कार्यकर्तेच उरले आहेत, आणि पाच वर्षांनी पुन्हा उभे राहायचे तर आज काय हाती घ्यावे असा तुमचा प्रश्न आहे. मी २०१७ साली वागळे इस्टेटच्या किसननगर भागात अशाच एका प्रचारात होतो. त्या अनुभवावरून सांगतो की उमेदवार कोण हा विषय तूर्त बाजूला ठेवा आणि मतदार यादी हातात घ्या.

आधी प्रभागाचा आकार ध्यानात घ्या. ठाण्यात ३३ प्रभाग आणि १३१ जागा आहेत, म्हणजे एक सोडून सर्व प्रभाग चार सदस्यांचे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती, त्या हिशेबानेही एका प्रभागात सरासरी पंचावन्न हजार माणसे येतात. मतदाराला अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार वेगवेगळी मते द्यावी लागतात. मोठे पक्ष चौघांचे पॅनेल घेऊन एकाच पत्रकात चार चिन्हे दाखवतात, तर अपक्षाला चिन्ह मिळते तेच माघारीची मुदत संपल्यावर, आणि मग हाती जेमतेम दोन आठवडे उरतात. त्या दोन आठवड्यांत पंचावन्न हजारांच्या वस्तीत नवे चिन्ह रुजवणे सहा-सात जणांच्या आवाक्यातले नाही. ज्या घरांना तुमचे नाव आणि काम आधीच ठाऊक आहे, तिथेच ते चिन्ह लक्षात राहते.

किसननगरातल्या एका चाळीत आम्ही पंधरा दिवस प्रचाराची बैठक मारली होती. ज्या बाईंच्या ओट्यावर आम्ही रोज चहा घेत असू, त्या चार घरची धुणीभांडी करीत. मतदानाच्या दिवशी सकाळी कामे उरकून त्या केंद्रावर आल्या. रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलेले मतदार ओळखपत्र त्यांच्या हातात होते आणि यादीत नाव नव्हते. ‘गेल्या खेपेला मी इथंच मत दिलं होतं,’ असे त्या तीनदा म्हणाल्या आणि निघून गेल्या. मधल्या काळात त्या दोन गल्ल्या पलीकडच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेल्या होत्या आणि त्यांचे नाव वगळले गेले होते. आमच्याकडे यादी होती, पंधरा दिवस होती, आणि आम्ही ती एकदाही त्यांच्यापुढे उघडली नव्हती. अर्थात तेव्हा उघडली असती तरी त्या निवडणुकीपुरता उपयोग झाला नसता, आणि हेच मला तुम्हाला समजावून सांगायचे आहे.

महापालिका निवडणुकीसाठी राज्य निवडणूक आयोग स्वतंत्र नोंदणी करीत नाही. ठरलेल्या तारखेला अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी घेऊन तो ती प्रभागांत विभागतो. त्या वेळी मागवल्या जाणाऱ्या हरकतींतून चुकीच्या प्रभागात गेलेले नाव योग्य प्रभागात आणता येते, परंतु नवे नाव घालता येत नाही. म्हणून नोंदणीचे काम आजपासूनचे आहे. नव्या नावासाठी अर्ज क्रमांक ६ आणि पत्ता बदलण्यासाठी अर्ज क्रमांक ८ लागतो. वयाची पात्रता आता वर्षातून चार तारखांना, म्हणजे १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरला धरली जाते, त्यामुळे बारावीच्या मुलामुलींना वर्षभर थांबावे लागत नाही. भाडेकरूंची अडचण मात्र खरी आहे, कारण घरमालक नोंदणीकृत करार करून देत नाहीत. अशा वेळी नव्या पत्त्यावरचे बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक कामी येते. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावे बहुधा माहेरीच राहिलेली असतात, तेव्हा प्रत्येक घरी हा प्रश्न मुद्दाम विचारा.

सहा जणांनी सगळा प्रभाग घेऊ नये. यादीचे चार-पाच भाग निवडा, रविवारी दोघांनी वीस घरे करा, वही ठेवा. या घरभेटींत लोक नळाच्या वेळा, सार्वजनिक शौचालयाचे तुटलेले दार, रात्री तिथे नसलेला दिवा यांबद्दल आपणहून बोलतात. समतेची भाषा तिथून सुरू होऊ द्या. काही मित्र सुचवतात की निवडून येण्यासाठी विचार जरा झाकून ठेवावा. मला ते मान्य नाही. जातीचा किंवा धर्माचा वाद वस्तीत पेटतो तेव्हा तुम्ही कुठे उभे आहात हे दिसतेच, आणि आधी न सांगितलेली भूमिका लोकांना फसवणूक वाटते. दारात नळाचे बोलणाऱ्या माणसाने संविधानाचेही बोलावे, त्याच साधेपणाने.

नगरसेवक नसतानाही तुम्हाला आत शिरायला जागा आहे. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे ठाण्यात प्रशासकाचा कारभार होता, त्यामुळे ही जागा अनेकांच्या विस्मरणात गेली आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९अ नुसार प्रभाग समितीवर, म्हणजे शेजारच्या काही प्रभागांसाठी मिळून असलेल्या पालिकेच्या समितीवर, स्वयंसेवी आणि समाजाधारित संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नेमता येतात, आणि ही नेमणूक समितीतले नगरसेवक करतात. संस्था मान्यताप्राप्त हवी, सदस्याचे नाव त्याच भागाच्या मतदार यादीत हवे. निवडून आलेल्यांकडे याची लेखी मागणी करा. दिलेले उत्तर वस्तीत वाचून दाखवा. अंदाजपत्रकातून तुमच्या गल्लीत झालेल्या कामाचा कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला दिलेला कामाचा लेखी आदेश, माहितीच्या अधिकारात मागवा आणि त्याच गल्लीत उभे राहून तो लोकांसमोर ताडून पाहा.

एका बाबतीत फार जपा. मृत मतदारांची नावे कमी करण्यासाठी अर्ज क्रमांक ७ असतो. तो गठ्ठ्याने भरू नका आणि शेजाऱ्याच्या सांगण्यावरून तर कधीच भरू नका. घरच्यांशी बसून बोला, मृत्यूचा दाखला पाहा, आणि अर्ज शक्यतो त्यांनाच भरू द्या. गावी गेलेला, खोली बदललेला माणूस याच अर्जाने यादीबाहेर फेकला जाऊ शकतो, आणि ते त्याला कळते थेट मतदान केंद्राच्या दारात.