एकाच घरातले दोन भाऊ इतके वेगळे कसे? आणि त्यांच्यात माया आहे की नाही?

तुम्ही लिहिलंय की थोरला ७ वर्षांचा, शांत आणि आपल्यातच रमणारा. धाकटा ४ वर्षांचा आणि दिवसभर धिंगाणा. सतत भांडतात. आमचं काही चुकतंय का, असं तुम्ही विचारलंय.

मला तीन मुलगे आहेत, ११, ८ आणि ५ वर्षांचे. त्यामुळे तुमच्या घरातला आवाज मला इथवर ऐकू येतोय.

वेगळेपणाचा दोष स्वतःकडे घेऊ नका. माणसामाणसांत जो आनुवंशिक फरक असतो, त्यातला सख्ख्या भावांमध्ये सरासरी निम्माच जुळतो. आणि 'एकच घर' हे आपलं म्हणणं झालं, मुलांचं नाही. तुमचा थोरला तीन वर्षं मोठ्या माणसांत एकटा वाढला. धाकट्याने डोळे उघडले तेव्हा समोर दादा होताच. रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली नेमका हाच प्रश्न एका लेखात मांडला होता: एकाच कुटुंबातली मुलं एकमेकांपेक्षा इतकी वेगळी का? त्यांचं उत्तर असं, की परिस्थितीचा जो वाटा स्वभावात उतरतो, तो भावंडांना सारखं करण्यापेक्षा वेगळंच करतो.

'थोरला म्हणून जबाबदार, धाकटा म्हणून लाडोबा' हे मात्र डोक्यातून काढून टाका. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २०,०००हून जास्त लोकांची माहिती तपासून २०१५ मध्ये एक अभ्यास आला. जबाबदारपणा, मनमिळाऊपणा, बोलकेपणा, यांपैकी कशावरही जन्मक्रमाचा परिणाम त्यात दिसला नाही. घरात थोरला जबाबदार दिसतो, कारण तो तीन वर्षांनी मोठा असतो. एवढंच!

चुकलंच असेल तर ते आपल्या तोंडाने चुकतं. माझं चुकलं. आलेल्यागेलेल्यांना मी कौतुकाने सांगायची, "हा आमचा शहाणा, हा वात्रट आणि हे शेंडेफळ." एकदा मधल्याला पसारा आवर म्हटलं, तर तो अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, "शहाणपणाचं काम दादाकडे आहे ना?" मला हसू आलं, पण मग ते हसू घशातच अडकलं. मी खुशाल स्वभाव वाटून दिले होते आणि पोराने आपल्या वाट्याचा मुकाट्याने घेतला होता. तेव्हापासून पाहुण्यांसमोर मुलांची वर्णनं बंद. (आजीने अजून बंद केलेली नाहीत. तिथे माझं चालत नाही.)

आता मायेचं. दोन वर्षांपूर्वी धाकटा तापाने फणफणला होता. मधला पलंगाभोवती माकडचेष्टा करत राहिला, धाकटा हसून हसून ओकेपर्यंत. थोरला दारातून डोकावला आणि निघून गेला. मला वाटलं, किती कोरडा मुलगा! रात्री बघते तर धाकट्याच्या उशाशी थोरल्याचा डायनासोर. तोच, ज्याला कुणी हात लावला तर घर डोक्यावर घेतो. सकाळी ताप उतरल्यावर तो एक शब्द न बोलता डायनासोर परत घेऊन गेला. मी मधल्यासारखी माया थोरल्यात शोधत होते, म्हणून मला ती दिसत नव्हती. तुमचा थोरला आपल्यातच असतो म्हणता ना, मग त्याची मिठी शोधू नका. धाकट्यासाठी तो काय बाजूला ठेवतो, काय गुपचूप दुरुस्त करून देतो, ते बघा. आणि धाकटा दादाच्या अंगावर जाऊन पडतो, ती बहुधा त्याची माया असते, दादाला ती हल्ल्यासारखी वाटली तरी.

इथे आईवडिलांना दुभाष्याचं काम करता येतं. थोरल्याला सांगायचं, "तो तुला त्रास देत नाहीये, त्याला तुझ्याशी खेळायचंय, पण कसं विचारायचं ते त्याला जमत नाही." धाकट्याला सांगायचं, "दादाला आधी थोडा वेळ एकट्याला हवा असतो, मग तो येतो." ज्युडी डन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी केंब्रिजमध्ये भावंडांचा अभ्यास केला तेव्हा असंच दिसलं होतं. बाळ अगदी तान्हं असतानाच ज्या आया थोरल्याशी बाळाला काय हवंय, त्याला काय वाटत असेल, असं बोलायच्या, त्या घरांत वर्षभराने भावंडांचं जास्त सख्य होतं. तुमचा धाकटा ४ वर्षांचा आहे, म्हणून उशीर झाला असं मला वाटत नाही. मी तर मधला ६ वर्षांचा झाल्यावर सुरू केलं.

भांडणांत मी हल्ली पडत नाही, रक्त किंवा काच असेल तेवढं सोडून. एक मात्र बघा: मारणारा नेहमी एकच आणि घाबरून गप्प बसणारा नेहमी दुसराच, असं चाललंय का? तसं असेल तर ते भांडण नाही. मग मध्ये पडायलाच हवं, आणि तेही 'दोघंही चुकलात' असं न म्हणता.