नाव अपुरे, नोंद पुरी : पतंगांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुलै महिन्यात आमच्या शाळेच्या व्हरांड्यातील भिंतीवर तळहाताहून मोठा, विटकरी रंगाचा पतंग दिवसभर बसून होता. मोबाइलमधील ॲपने त्याचे नाव ‘अटॅकस ॲटलास’ असे दाखवले आणि ‘दुर्मीळ पतंग आढळला’ अशी बातमीही छापून आली. याची नोंद कशी करावी? (एक शिक्षिका, कणकवली)

उत्तर : आपण पाहिलेला हा ॲटलास पतंगच असावा. पंखांच्या मध्यावर काचेसारखे पारदर्शक त्रिकोण आणि पुढील पंखांच्या टोकाशी सापाच्या डोक्यासारखा आकार, या दोन खुणा छायाचित्रात दिसत असतील तर शंकेला जागा नाही. ॲपने दिलेले नाव मात्र दुरुस्त करावे लागेल. अटॅकस ॲटलास ही जाती हिमालयाच्या परिसरात, ईशान्य भारतात आणि पुढे आग्नेय आशियात आढळते. सह्याद्रीत आणि श्रीलंकेत आढळणारा पतंग आज अटॅकस टॅप्रोबॅनिस या स्वतंत्र जातीचा मानला जातो. पूर्वी त्याला पहिल्या जातीची उपजाती समजत असत, त्यामुळे जुन्या छायाचित्रांखाली जुनेच नाव राहिले आहे आणि ॲप त्याच छायाचित्रांवरून शिकते.

दुर्मीळतेविषयी बोलायचे तर कोकणात दर पावसाळ्यात अशी एखादी बातमी येतेच, आणि जो पतंग दर पावसाळ्यात दिसतो त्याला दुर्मीळ म्हणणे कठीण आहे. या पतंगाला खाण्याजोगे तोंडच नसते. सुरवंट असताना साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम काही दिवस जगतो, रात्री उडतो आणि दिवसा निश्चल बसून राहतो. म्हणून रात्रभर दिवा जळणाऱ्या भिंतीवर तो सकाळी हमखास सापडतो.

नोंदीत तारीख, वेळ, गाव आणि नेमकी जागा तर हवीच. त्याशिवाय मिशा रुंद पिसासारख्या होत्या की अरुंद, हेही लिहावे, कारण रुंद मिशा नराच्या असतात. पुढे कधी याचा सुरवंट दालचिनीवर किंवा अन्य झाडावर सापडला, तर त्या झाडाचे नाव ही पतंगाच्या छायाचित्राहूनही मोलाची नोंद ठरेल. टी. आर. बेल या वन अधिकाऱ्याने कारवारच्या परिसरात असंख्य सुरवंट पाळून त्यांची खाद्यझाडे लिहून ठेवली होती, आणि 1937 साली एफ. बी. स्कॉट यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेला हॉकमॉथ पतंगांवरील ग्रंथ आजही उघडावा लागतो तो मुख्यतः त्या नोंदींसाठी.

प्रश्न : गच्चीवर पांढरी चादर आणि दिवा लावून मी पतंगांची छायाचित्रे घेतो. ठळक रंगांचे पतंग ओळखता येतात. परंतु लहान, करड्या-तपकिरी पतंगांना ॲप प्रत्येक छायाचित्रात निराळे नाव देते. कोणते खरे मानावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बहुतेक वेळा कोणतेच नाही. ॲप दिसण्यातील साम्य शोधते आणि त्याच्या साठ्यात अमेरिका व युरोपातील छायाचित्रांचा भरणा अधिक असल्याने कोल्हापूरच्या गच्चीवरील पतंगाला ते सहज एखादे अमेरिकी नाव देऊन मोकळे होते. सुचवलेल्या जातीचा आढळ नकाशावर पाहण्याची सवय लावली तर निम्मी गफलत तेथेच टळेल.

उरलेली अडचण आपल्या हातातील नाही. लहान पतंगांच्या कित्येक जाती पंखांवरील नक्षीने वेगळ्या करताच येत नाहीत. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली जननांगे तपासावी लागतात आणि ते काम छायाचित्रावरून होत नाही. अशा वेळी प्रजातीपर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत, किंवा नुसत्या कुलापर्यंत नाव देऊन थांबणे हीच शास्त्रशुद्ध नोंद होय. कुलाच्या नावावर थांबलेली नोंद उद्या एखादा तज्ज्ञ पुढे नेऊ शकतो. चुकीच्या जातीची नोंद मात्र आढळाच्या नकाशावर एक खोटा ठिपका उमटवते आणि तो पुसायला कोणी सहसा येत नाही. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे एकमत झाले की नोंदीला वरचा दर्जा मिळतो, परंतु दोघांनीही ॲपने सुचवलेल्या त्याच नावावर बोट ठेवले असेल तर त्याला दोन मते म्हणता येणार नाही.

छायाचित्रांविषयी एक सूचना. पंखांच्या बरोबर वरून एक, बाजूने डोक्याचा आकार दिसेल असे एक, आणि शक्य असल्यास मागील पंख व पोटाकडील बाजू दाखवणारे एक, अशी छायाचित्रे घ्यावीत. चादरीच्या कडेला मिलिमीटरची पट्टी टाचून ठेवल्यास आकाराचा प्रश्न मिटतो. ढगाळ, उबदार, वारा नसलेली अमावास्येजवळची रात्र सर्वांत चांगली. दिवा मात्र पहाटेच्या आधी बंद करावा. अन्यथा उजाडताच दयाळ आणि बुलबुल चादरीवर येऊन आपली सगळी यादी फस्त करतात.

प्रश्न : पुण्यात माझ्या बागेतील फुलांवर हमिंगबर्ड आला होता. चित्रफीत पाठवली आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : हमिंगबर्ड भारतात आढळत नाहीत. आपल्या चित्रफितीत आहे तो दिवसा उडणारा हॉकमॉथ पतंग आहे. त्याला मिशा आणि लांब सोंड दिसते, चोच नाही. पंख काचेसारखे पारदर्शक असल्याने तो सेफोनोडिस हायलास असावा. कोषातून बाहेर आल्यावर पहिल्या उड्डाणातच याच्या पंखांवरील खवले झडून जातात. बागेत अनंताचे झाड असेल तर त्यावर शेपटीकडे शिंग असलेला सुरवंट शोधावा.

प्रश्न : मक्याच्या शेतात लष्करी अळीसाठी कामगंध सापळे लावले आहेत. त्यांत पडणारे सगळे पतंग त्याच अळीचे समजून मोजावेत का? (एक शेतकरी, जालना जिल्हा)

उत्तर : तसे मोजू नये. ही अमेरिकी लष्करी अळी भारतात प्रथम 2018 साली कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. कामगंध सापळ्यात तिच्या मादीच्या गंधाची नक्कल करणारी गोळी असते, त्यामुळे त्यात फक्त नर येतात, परंतु जवळच्या नात्यातील इतर जातींचे नरही चुकून शिरतात. सापळ्यात फडफडून खवले झडलेला पतंग ओळखणे जाणकारालाही अवघड जाते. म्हणून पुढील पंखाच्या टोकाशी फिकट त्रिकोणी डाग स्पष्ट दिसणारे नर वेगळे मोजावेत आणि बाकीचे ‘अनिश्चित’ या रकान्यात लिहावेत.

खात्री करायची ती पोंग्यातील, म्हणजे मक्याच्या शेंड्याकडील गुंडाळलेल्या कोवळ्या पानांतील, अळीवरून. डोक्यावरील उलट्या ‘वाय’ अक्षरासारखी खूण सर्वांना ठाऊक असते, पण तशी खूण इतर काही अळ्यांवरही दिसते. शेपटीच्या अलीकडील खंडावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत बसावेत असे चार ठळक काळे ठिपके आहेत का, हे पाहावे. सापळ्याच्या नोंदीत तारखेबरोबर पिकाचे वय आणि गंधगोळी बदलल्याचा दिवसही लिहावा, कारण गोळी जुनी झाली की पतंगांचा आकडा उतरतो आणि शेतकऱ्याला कीड कमी झाल्यासारखे वाटते.