सर्फिंग करणारी पोरं आणि निन्जा असलेला तो नव्वदच्या दशकातला विनोदी सिनेमा कोणता? मुलांना दाखवावा का?

तुम्ही म्हणताय तो 'सर्फ निन्जाज', 1993 चा. लॉस एंजेलिसमध्ये समुद्रावर टवाळक्या करणारे जॉनी आणि अॅडम हे दोघे भाऊ प्रत्यक्षात पाटुसान नावाच्या (काल्पनिक) बेटराज्याचे राजपुत्र निघतात. एका डोळ्यावर पट्टी बांधलेला झॅच नावाचा योद्धा त्यांना हे सांगायला येतो, त्याच्या मागोमाग मारेकरी येतात, आणि मग सुरू होते नुसती पळापळ.

कथा म्हणाल तर यथातथाच. पण मारामारी खरी आहे. जॉनी झालेला अर्नी रेयेस ज्युनियर लहानपणापासून मार्शल आर्ट्समध्ये मुरलेला, आणि झॅचचं काम त्याच्या खऱ्या वडिलांनी केलंय, तेही या विद्येतले जुने गुरू. त्यामुळे लाथाबुक्क्या बघताना कॅमेऱ्याची हातचलाखी वाटत नाही. खलनायक कर्नल ची म्हणजे लेस्ली नील्सन, अर्धा चेहरा धातूचा! त्याला आणखी प्रसंग द्यायला हवे होते, असं मला कायम वाटतं. भावांचा मित्र झालेल्या रॉब श्नायडरची बडबड मात्र काही वेळाने डोक्यात जाते.

सगळ्यात मजेशीर म्हणजे धाकट्या अॅडमला पुढे काय घडणार ते हातातल्या सेगा गेम गिअरवर (हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर) दिसतं. उघड उघड जाहिरातच ती, याच नावाचा गेमही निघाला होता. पण आठ-दहा वर्षांच्या मुलांना तीच कल्पना सर्वात जास्त आवडते.

रक्तपात नाही, हाणामारी भरपूर. बिनधास्त दाखवा, फक्त नंतर सोफ्यावरच्या उशा उचलून ठेवा.