तडजोडीच्या मसुद्यातील ‘स्वेच्छेने’ हा शब्द

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यात मी नऊ वर्षे काम केले. माग कमी केल्याचे कारण सांगून जून 2025 मध्ये मला कामावरून काढले. माझा एकूण पगार 18,000 रुपये होता, त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 16,000, आणि ईएसआयची (राज्य कामगार विम्याची) वर्गणी नियमित कापली जात होती. कामगार न्यायालयात प्रकरण चालू असताना मालकांनी आता अडीच लाख रुपयांची तडजोड पुढे केली आहे. ही रक्कम घेतली तर बेकारी भत्ता बुडेल का? तडजोडीची रक्कम भत्त्यातून वळती होते, असे मी इंटरनेटवर वाचले आहे.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण वाचलेला नियम बहुधा अमेरिकेतील आहे. तिथे बेकारी भत्ता राज्यांमार्फत मिळतो आणि तडजोडीतला जो भाग मागील पगार (काम नसलेल्या काळाचा थकीत पगार) म्हणून ठरतो, त्या आठवड्यांचा भत्ता अनेक राज्यांत परत मागितला जातो. आपल्याकडे अडचण रकमेपेक्षा मसुद्यातील शब्दांची आहे.

राज्य कामगार विमा महामंडळाची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना 1 एप्रिल 2005 पासून आहे. किमान दोन वर्षे वर्गणी भरलेल्या विमाधारकाची नोकरी कामगार कपातीमुळे किंवा कारखाना बंद पडल्यामुळे गेली, तर पहिले बारा महिने सरासरी वेतनाच्या 50 टक्के आणि पुढील बारा महिने 25 टक्के भत्ता मिळतो. आपल्या पगारावर ढोबळ हिशेब केला तर ही रक्कम दीड लाखाच्या वर जाते. औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम 25-एफप्रमाणे कपात झालेल्या कामगाराला भरपाई द्यावीच लागते, त्यामुळे भरपाई मिळाली एवढ्यावरून हा भत्ता नाकारणे योजनेच्या हेतूलाच धरून होणार नाही. (21 नोव्हेंबर 2025 पासून या अधिनियमाच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली असली, तरी आपली नोकरी त्याआधी गेलेली आहे.) मात्र स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला किंवा शिस्तभंगावरून काढलेल्याला हा भत्ता मिळत नाही.

अशा तडजोडींच्या मसुद्यात ‘कामगाराने स्वेच्छेने राजीनामा दिला असून त्याची कोणतीही मागणी शिल्लक नाही’ असे वाक्य सर्रास टाकलेले असते. मालकाच्या वकिलाला ते सोयीचे वाटते, पण त्या एका ओळीपायी आपण कपात झालेले कामगार राहत नाही. आपल्याला माग कमी केल्यामुळेच काढले असेल, तर ‘कलम 25-एफनुसार कपात’ असा स्पष्ट उल्लेख आणि कपातीची तारीख मसुद्यात मागून घ्यावी. मालकाने ईएसआयच्या मासिक वर्गणीपत्रकात काय नोंदवले आहे, तेही पाहावे. तिथे ‘नोकरी सोडली’ आणि ‘कपात’ अशी दोन वेगळी कारणे आहेत, आणि पत्रक एक सांगत असेल व तडजोड दुसरे, तर शाखा कार्यालयात अर्ज अडकतो. खरे कारण शिस्तभंगाचे असेल, तर भत्त्यासाठी कपात लिहून घेण्याचा सल्ला मी देणार नाही.

मसुद्यात मागील पगार देऊन पुन्हा कामावर घेतल्याचे लिहिले, तर तो काळ नोकरीचा ठरतो, त्यावर वर्गणी देय होते आणि त्याच काळाचा बेकारी भत्ता मागता येत नाही. आपल्याला कामावर परत जायचे नसेल, तर रक्कम कपातीची भरपाई म्हणूनच दाखवावी.

ग्रॅच्युइटीकडेही लक्ष द्या. 16,000 ला 15 ने गुणून 26 ने भागले आणि नऊ वर्षांनी गुणले की सुमारे 83,000 रुपये होतात. हा आपला कायदेशीर हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे. अडीच लाखांत ही रक्कम धरली असेल, तर नोकरी गेल्याबद्दल प्रत्यक्षात 1,67,000 रुपयेच मिळत आहेत. म्हणून ती वेगळ्या ओळीत दाखवायला सांगा आणि पुढच्या तारखेपूर्वी मसुद्याची मराठी प्रत हातात घेऊनच सही करा.