बेलिफाची तक्रार करताय? आधी हे वाचा

ताई, समन्स ‘घर बंद’ शेरा मारून परत येतंय, बेलिफ (समन्स पोचवणारा कोर्टाचा कर्मचारी) ‘पेट्रोलचं काहीतरी बघा’ म्हणतोय आणि तुम्ही मुख्यमंत्र्यांपासून पोर्टलपर्यंत सगळीकडे अर्ज टाकून उत्तराची वाट बघताय. भाडेकरूवरच्या दाव्यात माझी हीच गत झाली होती, म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही, तेव्हा कायद्याचं तुमच्या वकिलांकडून तपासून घ्या.

कोर्टाच्या कर्मचाऱ्यांपुढे मंत्रालयाचं काही चालत नाही. घटनेच्या कलम 235 नुसार जिल्हा न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं, आणि बेलिफावर कारवाई करणार ते प्रमुख जिल्हा न्यायाधीश. अर्ज त्यांच्याच नावानं द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या.

मला सगळ्यात महाग पडलं ते एक मोठं कार्यालय. नाव लिहीत नाही. तिथल्या साहेबांनी तक्रार ऐकून मान डोलावली आणि ‘नियमोचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असा शेरा मारून कागद खाली ढकलला. तो एकेक पायरी उतरत थेट नाझराच्या टेबलावर आला, म्हणजे कोर्टाच्या ज्या अधिकाऱ्याच्या हाताखाली हा बेलिफ, त्याच्याच. नाझरानं बेलिफाचा खुलासा मागवला, बेलिफानं ‘आरोप खोटे व निराधार’ असं अर्ध्या पानात लिहून दिलं, प्रकरण नस्तीबद्ध, म्हणजे फाईल बंद. मला कुणी एक ओळ विचारली नाही. मधल्या काळात थकलेलं भाडं आणि भाडेकरू दोन्ही पसार! त्या कार्यालयाला ‘हा विषय आमचा नाही, तिकडे जा’ एवढं सांगायला काय झालं होतं, हे मला आजही कळलेलं नाही.

दुसऱ्या वेळी अर्ज योग्य ठिकाणी गेला आणि चालला, कारण त्यात ‘भ्रष्ट’ हा शब्दच नव्हता. फक्त बेलिफाच्या अहवालाची नक्कल लावली होती. अहवालात होतं, ‘तिसऱ्या मजल्यावरील खोलीस कुलूप, शेजाऱ्यांनी सही देण्यास नकार दिला.’ भाडेकरू राहायचा बैठ्या चाळीत. चाळीचा फोटो, वीजबिल आणि माझं प्रतिज्ञापत्र, एवढंच जोडलं. तुमच्याही अहवालाची नक्कल आधी काढा आणि तारीख, वेळ, साक्षीदार नीट बघा. माणूस सापडला नाही, तर दाराला प्रत डकवून, घर कुणी दाखवलं आणि कुणासमोर डकवलं हे लिहायचं असतं (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश 5, नियम 17). तुमच्याकडे नुसतं ‘घर बंद’ आहे ना? तिथेच बोट ठेवा.

पैशांचं मात्र वेगळं. मागितले असतील तर देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जा, 1064 वर फोन करा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीनं द्यावी लागली असेल, तर 7 दिवसांत कळवलं तरच सुटका. ‘दिले होते हो साहेब मागे एकदा’ असं तक्रारीत सहज लिहून जाऊ नका.

बेलिफाची खातेनिहाय चौकशी महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम 1979 खाली होते. त्यात तुम्ही पक्षकार नसता, नुसत्या साक्षीदार असता. पण साक्षीला जायलाच हवं. तक्रारदार आला नाही म्हणून आरोप ढासळल्याचं कोर्टात कुणालाही विचारा. फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा इथे लागत नाही, तरी बचाव सहायक (चौकशीत बेलिफाची बाजू मांडणारा) उलटतपासणीत सोलून काढतो. ‘बेलिफ आला नाही हे तुम्हाला कसं कळलं, तुम्ही त्या दिवशी चाळीत होतात का?’ मी नव्हतो. फोटोनं तारलं. वेळ लागतोच, पण 2015 च्या प्रेमनाथ बाली निकालात, जो दिल्लीच्या कोर्ट कर्मचाऱ्याचाच होता, सर्वोच्च न्यायालयानं चौकशी शक्यतो 6 महिन्यांत, फार तर वर्षात संपवा असं म्हटलंय. स्मरणपत्रात त्याचा उल्लेख करा.

निकाल? दोन वेतनवाढी रोखल्या असं कानावर आलं. माहिती अधिकारात विचारलं तर कलम 8(1)(जे), ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार. माझ्या मते खोटा सरकारी अहवाल लिहिणाऱ्याला इतकं स्वस्तात सोडू नये. अर्थात, भर उन्हात स्वतःच्या गाडीनं गावोगाव फिरणारे प्रामाणिक बेलिफही मी पाहिलेत. एकावरून सगळ्यांना झोडू नका.

आणि बेलिफाला शिक्षा झाली म्हणून तुमचा दावा पुढे सरकत नाही. तो वेगळा रेटावा लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या त्याच आदेश 5 मधल्या नियम 19 खाली बेलिफाला शपथेवर तपासण्याची विनंती करा. नियम 9अ खाली समन्स स्वतः बजावण्याची परवानगी मागता येते, तीही मागा. जाताना सोबत दोन माणसं न्या, त्यातलं एक तरी नात्यातलं नको.